कुत्र्याला किती घालायचं: पिशवीमागचा तक्ता, काटा की बरगड्यांवरचा हात?

आडवाटेचा:
कोरड्या खाद्याच्या पिशवीमागे तक्ता असतो. एवढ्या किलोचा कुत्रा, दिवसाला एवढे ग्रॅम. बहुतेक जण तो बघतात, मापाने ओततात आणि वर्षानुवर्षं तेच चालू ठेवतात. माझं मत असं की तो तक्ता सुरुवात करण्यापुरता. पुढे किती घालायचं हे कुत्र्याच्या अंगावरून ठरवा.

तक्त्यामागे गणित असतं, नाही असं नाही. वजनाचा ०.७५ घात काढून त्याला ७० ने गुणलं की नुसतं पडून राहायला लागणाऱ्या किलोकॅलरी मिळतात. २० किलोच्या कुत्र्याला साधारण ६६०. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणायचं, न झालेल्यासाठी १.८ ने. म्हणजे १०६० किंवा ११९०. आकडा कसा ठाम दिसतो! पण हा सरासरीचा आकडा आहे. एखाद्या कुत्र्याची खरी गरज त्याच्या दीडपट असू शकते, किंवा निम्मीही.

दुसरी गोम अशी की तक्त्यात वजन कोणतं धरायचं? कुत्रा आधीच लठ्ठ असेल आणि तुम्ही आजचं वजन धरलंत, तर तुम्ही त्याच्या चरबीलाही जेवू घालताय.

म्हणून हात. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या टेंगळांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा रोड आहे. आता मूठ सोडून पंजा सपाट धरा आणि मागच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी चाचपा. हाडं पातळ थराखाली सहज लागतात. बरगड्या अशाच लागायला हव्यात. पंजा उलटून तळव्याकडून तीच जागा चाचपलीत तर हाड शोधावं लागतं. तसं लागलं तर वाढप कमी करा. शिवाय वरून बघताना बरगड्यांच्या मागे कंबर दिसावी आणि बाजूने बघताना पोट मागे वर चढलेलं असावं. पशुवैद्य यालाच ९ अंकांच्या पट्टीवर मोजतात, १ म्हणजे हडकुळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ, ४ किंवा ५ म्हणजे उत्तम.

काटेकोर:
ऐकायला छान, पण हाताला सवय लागते हो. रोज कुरवाळताय त्या अंगावर चढलेली चरबी तुम्हाला कळत नाही. आणि आजूबाजूचे सगळे कुत्रे गुबगुबीत असले की नेमक्या अंगाचा कुत्रा लोकांना उपाशी वाटायला लागतो.

तुमच्या ९ च्या पट्टीचंच घ्या. तिच्यावरची एक पायरी म्हणजे वजनात १० ते १५ टक्क्यांचा फरक. २० किलोच्या कुत्र्याची एक पायरी बदलली हे तुमच्या हाताला कळेपर्यंत त्याच्या अंगावर २-३ किलो चढलेले असतात. काटा अर्ध्या किलोला बोंब मारतो. मग आधी कोणाचं ऐकायचं?

माप हा तर सगळ्यात मोठा घोळ. २०१९ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मालकांना कपाने कोरडं खाद्य मोजायला सांगितलं. चूक ४८ टक्के कमीपासून १५२ टक्के जास्तपर्यंत निघाली. कप तोच, पण कोणी सपाट भरतो, कोणी शीग लावतो. छोट्या कुत्र्याच्या बाबतीत तर मूठभर दाण्यांतच अर्ध्या दिवसाचा हिशेब इकडचा तिकडे होतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरा. अंदाजपंचे दाहोदरसे पुरे झालं.

आडवाटेचा:
ग्रॅमवर मोजा, माझी ना नाहीच. पण काट्यावर कोणता आकडा आणायचा, हा प्रश्न उरतोच ना? चुकीचा आकडा रोज अचूक मोजला म्हणून बरोबर होत नाही.

मायाळू:
तुम्ही दोघं मिळून त्या मुक्या जिवाला उपाशी मारणार बहुतेक. रिकामं भांडं चाटत बसलेला कुत्रा बघवतो तुम्हाला? आमच्याकडे भांडं भरलेलं असतं. तिला लागेल तेव्हा खाते, नको असेल तेव्हा ढुंकूनही बघत नाही. पोट तिचं, तिला नाही कळणार?

रात्रपाळी:
मायाळूताई, तुमची खरंच तशी असेल. काही कुत्रे आपलं आपण सांभाळतात. पण लॅब्रॅडॉर पाळलाय कधी? २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला सापडला, जवळपास चारातल्या एकात. त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. त्याच गटाने २०२४ मध्ये आणखी दाखवलं की असे कुत्रे पडल्यापडल्या ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी! अशाला 'तुझं तू ठरव' म्हणणार?

भांडं चाटणं, टक लावून बघणं, पायाशी घुटमळणं यावरून भूक ठरवू नका. घास दिला की काय मिळतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आणि उपाशी मारण्याचं म्हणाल तर २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४८ लॅब्रॅडॉर, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, जन्मभर. निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत गेले ते वय (मध्यक) बघितलं तर कमी खाणारे १.८ वर्षं जास्त जगले, ११.२ च्या जागी १३. त्यांना सांधेदुखीही उशिरा लागली.

मायाळू:
तो अभ्यास खाद्य बनवणाऱ्या कंपनीचाच होता ना?

रात्रपाळी:
हो, कंपनीचाच. पण खाद्य विकणाऱ्यांनीच 'कमी घाला' असा निष्कर्ष छापावा, यात त्यांचा कुठला फायदा?

आडवाटेचा:
त्या अभ्यासातलं एक सांगायचं राहिलं. जास्त खाणारे काही ढोल नव्हते. ९ च्या पट्टीवर ते सरासरी ६.७ होते आणि दुसरा गट ४.६. म्हणजे 'जरासा भरलाय, छान दिसतो' असं आपण ज्याला म्हणतो, तेवढ्याच फरकाची ही किंमत.

पाचवा हात:
तुमची मापं राहू द्या. आमच्या घरात सकाळी एक जण घालतो, तो घालायचा विसरला असेल म्हणून दुसरा घालतो, आजोबा गुपचूप देतात आणि मुलं ताटातलं टाकतात. ग्रॅमचा काटा कोणाकोणाच्या हातात देऊ?

काटेकोर:
दिवसभराचं खाद्य सकाळीच मोजून एका डब्यात काढा. ज्याला लाड करायचे असतील त्याने त्याच डब्यातले दाणे द्यायचे. डबा रिकामा झाला की दिवस संपला, आजोबांसाठीसुद्धा. वेगळा खाऊ द्यायचाच असेल तर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, आणि तेवढं डब्यातून वजा.

टाका-दोरा:
पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते, म्हणून थोडं. दोन्ही पक्ष एक गोष्ट सोडताहेत. म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीवरचं नि मांड्यांचं मांस झडतं आणि पोटावर चरबी साठते. काट्यावर वजन तेच! तिथे काटा हरतो. पण नुसत्या बरगड्या चाचपूनही भागत नाही, कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि कुल्ल्यांवर हात फिरवावा लागतो. उलट, पोट सुटलंय म्हणून खाणं तोडू नका. कुशिंग या संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) आजारात पोट लोंबतं, कधी पोटात पाणी झालेलं असतं. थायरॉइड मंद असेल तर मोजून खाऊनही वजन उतरत नाही. अशा वेळी रक्त तपासा.

नसबंदीनंतर गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक बहुधा वाढते. लोक भांडं मात्र तेच ठेवतात. सगळ्यात जास्त चिडचिड माझी इथे होते. मोठ्या जातीच्या पिल्लांना 'हाडं मजबूत होऊ देत' म्हणून ठासून भरवणंही तसंच. झपाट्याने वाढलेल्या पिल्लाच्या हाडासांध्यांची वाट लागते.

लठ्ठ कुत्र्याचं नेहमीचं खाद्य एकदम अर्ध्यावर आणू नका. कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही अर्धी होतात. वजन उतरवण्यासाठी वेगळं खाद्य मिळतं. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं तरी भरपूर.

आडवाटेचा:
हे पटलं. तरी मी हातालाच पहिला मान देणार. ग्रेहाउंडच्या शेवटच्या बरगड्या दिसतात आणि तो धडधाकट असतो. बुलडॉगला कंबर शोधत बसलात तर त्याला उपाशी ठेवाल. किलोच्या आकड्याला हे कुठून कळणार?

काटेकोर:
आणि मी म्हणणार की एकदा पट्टीवर ४-५ ला आणा, त्या दिवशीचं वजन लिहून ठेवा आणि पुढे काट्यालाच राखण करू द्या. दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर. लहान कुत्रा असेल तर उचलून घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. वजन हललं की खाणं १० टक्क्यांनी कमी-जास्त, आणि पुढचे दोन आठवडे हात लावायचा नाही. रोज बदलत बसलात तर कशामुळे काय झालं हे कळणारच नाही.

मायाळू:
आमचीला लांब केस आहेत. केसांत हात घातला तर बरगड्या लागतात, पण जरा दाबल्यावर. हे किती धरायचं?

आडवाटेचा:
जरा दाबल्यावर लागत असतील तर ६. बरंच दाबावं लागत असेल तर ७.

मायाळू:
सहाच असेल. थोडं कमी करून बघते. पण भांडं मी उचलणार नाही, आधीच सांगते.

काटेकोर:
नका उचलू. सकाळी भरताना मोजा, रात्री उरलेलं मोजा आणि वजाबाकी करा. आठवडाभराची सरासरी काढलीत की ती खरंच किती खाते हे कळेल. मग त्यातून १० टक्के कमी करून तेवढंच भांड्यात ओता.