अग्निवीर जॉइनिंग आलंय, डोकं इथूनच करून जावं का तिथं करतात?

गोदाकाठचा_पोरगा
नमस्कार सगळ्यांना. संभाजीनगर एआरओच्या (सैन्य भरती कार्यालयाच्या) भरतीत माझं जीडीत, म्हणजे जनरल ड्यूटीत नाव लागलंय, नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला पुढच्या सोमवारी रिपोर्ट करायचंय. कागदपत्रं सगळी झाली, आता घरात वाद चालू झालाय तो केसांचा. गल्लीतला एक जण म्हणतो, पूर्ण टक्कल करूनच जा, नायतर पहिल्याच दिवशी रगडा (शिक्षेची कसरत) बसतो. पण आई म्हणायलीय की बाप धडधाकट असताना पोरगं डोकं भादरून उंबऱ्याबाहेर पडत नसतं, तिथं काय करायचं ते करू द्या पण माझ्या घरातून असं जायचं नाही. ती रडायलाच लागली म्हणून मी बोलणं बंद केलं. रॅलीच्या टायमाला दाढी काढली होती, नंतर परत वाढवली महाराजांसारखी, ती पण जाणार हे मला माहितीय, पण मिशी राहते का? कानात भिकबाळी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गळ्यात तुळशीची माळ आहे, आजोबांनी पंढरपुरात घातलेली, ती काढायला लावतात का? ज्यांनी स्वतः ट्रेनिंग केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

माजी_हवालदार_आष्टी
बाळा, आधी अभिनंदन. आता नीट वाच आणि आईला पण वाचून दाखव. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालो, ट्रेनिंग बेळगावला झालं. घरून टक्कल करून जायची काहीच गरज नाही आणि तसा नियमपण नाही. तू साधी बारीक कटिंग करून जा, दाढी गुळगुळीत, कल्ले कानाच्या वरच, बस. सेंटरला गेल्यावर तिथला नाई मशीन फिरवतोच, तू काहीही करून गेलास तरी फिरवतो, आणि नंतर दर आठवड्याला फिरत राहते. तिथं शेकडो पोरांचं एकाच दिवशी होतं, त्याचा आणि सुतकातल्या मुंडणाचा काही संबंध नाही हे आईला समजावून सांग, पण तिचं मन मोडून जाऊ नको. तिच्या म्हणण्यात चूक नाही, आमच्याकडं ही रीत आहे आणि पोरगं घर सोडून जातंय त्या दिवशी तिला ते बघवणार नाही.

केस का कापतात ते सांगतो. एका बॅरेकमधी तीस-चाळीस पोरं झोपतात, घाम, धूळ, कधी पाणी कमी, अशात लांब केस असले की उवा एकाच्या सगळ्यांना होतात. डोक्याला लागलं तर जखम लगेच दिसते, हेल्मेट नीट बसतं. आणि कुणी संस्थानिकाचा पोरगा असो का ऊसतोड कामगाराचा, त्या दिवसानंतर सगळे सारखे दिसतात. मी बघितलंय, आदल्या रात्री गावावरून, जातीवरून गट करून बसलेली पोरं दुसऱ्या दिवशी एकमेकांना ओळखू येत नव्हती.

मिशीला बंदी नाही, फक्त कातरलेली पाहिजे, लोंबणारी नको. दाढी रोज, म्हणजे रोजच, रविवारी पण. सकाळच्या फॉलिनला (हजेरीच्या रांगेत) उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, गालावरून हात उलटा फिरवून बघतात. भिकबाळी घरीच काढून ठेव, अंगठी, कडं, मनगटाचे दोरे पण. माळेचं जरा सविस्तर सांगतो रात्री, आता शेतात आहे.

शिंपळ_नाही_सलून
भाऊ, माझं अंबाजोगाईला सलून आहे, अकॅडमीची पोरं माझ्याकडंच येतात म्हणून सांगतो. कारागिराला म्हणायचं बाजूनं आणि मागून एक नंबरची क्लिप, वर दोन नंबर. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन नंबर म्हणजे ६. वस्तरा डोक्यावर अजिबात मारून घेऊ नको, वर्षानुवर्षं झाकलेली कातडी एकदम उघडी पडते आणि त्यात तुमचं दिवसभर उन्हात पळणं, टाळू भाजते, बारीक कापलेलं असलं तर घामानं चुरचुरतं आणि पिकतं. मशीन मारायच्या आधी क्लिप आणि पातं साफ केलं का ते बघायचं, नायटा त्याच्यावाटेच पसरतो. ब्लेड नवीन फोडायला लावायचं, हे तर कुठंही.

दाढीचं खरं टेन्शन मला वेगळंच वाटतं. तुझी भरगच्च दाढी आहे आणि अचानक रोज ब्लेड चालणार, तर मानेवर पुळ्या येणार हे नक्की समज, कुरळ्या केसावाल्यांना जास्तच. म्हणून आजपासूनच रोज करायला चालू कर, आठवडाभरात कातडीला सवय लागू दे. आधी तोंड धुऊन केस भिजू दे दोन मिनिटं, मग ब्रशनं फेस, मग केसाच्या दिशेनं एकच हात, उलटा हात मारू नको म्हणजे केस कातडीच्या आत वळत नाही. आपल्याकडं बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही, तसल्या कोरड्या गालावर ब्लेड ओढला की संपलं, तिथं पाणी बरं असेल पण सवय इथूनच लाव. स्वतःचा रेझर, ब्लेडचं पाकीट, ब्रश, छोटा आरसा आणि तुरटीचा खडा घेऊन जा. आणि कितीही जिगरी दोस्त झाला तरी रेझर कुणाला द्यायचा नाही, रक्तातून कावीळ पसरते त्याच्यानं.

जिंतूर_१६००
मला एक पटत नाही. सरदार पोरांना केस-दाढी चालते मग आपल्याला का नाही, महाराजांची दाढी ठेवली तर काय बिघडतं? आणि जाता जाता, माझ्या मित्राच्या छातीवर टॅटू आहे, चालतो का?

माजी_हवालदार_आष्टी
टॅटूचं आधी. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी चालतो. छातीवरचा कायमचा टॅटू मेडिकलला अडतो, आदिवासी समाजाच्या पोरांना त्यांच्या रीतीप्रमाणे सूट आहे. मित्राला आत्ताच सांग, पळून पळून पाय तोडून घेतल्यावर नको.

दाढीचं असं आहे की शिखांना केस न कापणं ही धर्माची आज्ञा आहे म्हणून त्यांना सूट आहे, आणि ते पण पगडी आणि दाढी रोज बांधून, जाळी लावून टापटीप ठेवतात, त्याला आपल्या मशीन कटपेक्षा जास्त वेळ लागतो. हवाई दलातल्या एका जवानाचं दाढीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, डिसेंबर २०१६ मध्ये कोर्टानं शिस्त आणि एकसारखेपणासाठीचा हा नियम योग्य ठरवला. नौदलात परवानगी घेऊन दाढी ठेवता येते, तिथली रीत वेगळी. आणि गॅस मास्क चेहऱ्याला चिकटून बसावा लागतो, दाढीत फट राहिली की हवा आत येते. महाराजांवर प्रेम असेल तर त्यांच्या सैन्यातली शिस्त बघ. बेळगावच्या सेंटरला 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत गुळगुळीत गालाची पोरं छाती फुटेस्तोवर ओरडतात, तिथं उभं राहून बघ एकदा.

आता माळ. वर्दीच्या बाहेर काही दिसता कामा नये हे पक्कं. रस्सी चढताना, अडथळे पार करताना गळ्यातलं अडकलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून उस्ताद काढ म्हणाले की काढायची, वाद घालायचा नाही. माझ्यासोबतची माळकरी पोरं पीटीला जाताना ती ट्रंकेत पांडुरंगाच्या फोटोजवळ ठेवायची आणि संध्याकाळी हातपाय धुऊन घालायची. सेंटरला मंदिर असतं, पंडितजी असतात, ते फौजेतच धर्मगुरू म्हणून भरती झालेले जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) असतात, काही शंका असली तर त्यांना जाऊन विचार. लंगरमधी (जवानांच्या स्वयंपाकघरात) शाकाहारी वेगळं मिळतं, पहिल्याच दिवशी नाव सांगून ठेव. आजोबांना सांग, माळ मोडत नाही.

लातूरची_ताई
मुलींचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. मिलिटरी पोलिसात मुली घेतात, पहिल्या बॅचच्या ८३ जणी मे २०२१ मध्ये बंगळुरूच्या सेंटरमधून पास आऊट झाल्या. टक्कल कुणी करत नाही. केस कॉलरच्या वर राहिले पाहिजेत, म्हणजे एकतर बारीक कापायचे नायतर घट्ट अंबाडा, जाळी आणि काळ्या पिना. माझ्या मैत्रिणीनं कंबरेपर्यंतचे केस जायच्या आधीच कापले, सकाळी तेवढा वेळच मिळत नाही म्हणे. तिच्या आईनंच कापले स्वतःच्या हातानं.

गोदाकाठचा_पोरगा
काका, लई लई धन्यवाद, आईला सगळं वाचून दाखवलं. साधी कटिंग करून जायला ती तयार झाली, आजोबा पण माळेचं ऐकून शांत झाले. सलूनवाले दादा, आज सकाळी तुम्ही सांगितलं तसंच केलं, तरी गळ्याजवळ आग होतेय. फोटो जुनेच नेले तर चालतील का, त्यात केस मोठे आहेत?

शिंपळ_नाही_सलून
आग झाली तर थंड पाणी आणि तुरटी, सेंटचं आफ्टरशेव लावू नको, दोन-चार दिवसांत कमी होईल. गळ्याजवळ केस वर जातात का खाली ते बोटानं चाचपून बघ, बऱ्याच जणांचे आडवे असतात.

माजी_हवालदार_आष्टी
फोटो नवीनच काढ, कटिंग झाल्यावर, पांढरं बॅकग्राउंड, दाढी केलेली. वीसेक कॉपी घेऊन जा. आणि कानातला मळ डॉक्टरकडून काढून घे इथंच, मळानं कान भरलेला असला तर तिथल्या तपासणीत थांबवतात.