ग्रामीण रुग्णालयाऐवजी टॅब? एका पोस्टला उत्तर

जुना औषधनिर्माता, राधानगरी

काल आपल्या समूहावर पुण्यात स्थायिक झालेल्या एका कोल्हापूरकराने लिहिले की, आता घरोघरी स्मार्टफोन आहे, ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर तज्ज्ञ डॉक्टर फुकट भेटतात, तेव्हा गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी अशा तालुक्यांत रुग्णालयांच्या इमारतींवर पैसा ओतण्याऐवजी गावोगाव टॅब वाटावेत आणि रिक्त पदांचे रडगाणे एकदाचे थांबवावे. त्याखाली पडलेले अंगठे मोजायचे सोडून दिले आणि लिहायला बसलो. माझी सारी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधाच्या खिडकीमागे गेली आहे, त्यामुळे थोडे लांबेल.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या केंद्राकडे येणारे दोन रस्ते पाण्याखाली होते. पहाटे एका मुलाला पाठुंगळीवर घेऊन त्याचे वडील आले. मुलगा रात्री जमिनीवर झोपला होता आणि मध्यरात्रीपासून पोटात कळा येत असल्याचे सांगत होता. घरच्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरला व्हिडिओ कॉल लावला होता. त्यांनी पित्ताची गोळी सांगितली, ती दिलीही. आमच्या सिस्टरने मुलाच्या हनुवटीला हात लावून त्याला वर बघायला सांगितले. डोळे वर गेले, पापण्या मात्र अर्ध्यावरच राहिल्या. तिने मला एवढेच विचारले, ‘एएसव्हीच्या किती बाटल्या आहेत?’ एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचे औषध. मण्यार चावली होती. अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडली नाही. मण्यारीची ती बहुधा सापडतच नाही. मुलगा वाचला, कारण फ्रीजमध्ये ते औषध होते, भिंतीवर हाताने दाबून श्वास देण्याची अँबू बॅग होती आणि ती दाबत बसायला माणसे होती. तुमचा टॅब यांपैकी नेमके काय करणार होता?

पुण्यातला कोल्हापूरकर

ज्यांच्या पोस्टवर हा राग आहे तो मीच. काका, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण एका मण्यारीच्या जोरावर आपण संपूर्ण व्यवस्था निकालात काढता आहात. २००१ मध्ये इस्रोने आंध्रातील अरगोंडा हे खेडे उपग्रहाने चेन्नईच्या रुग्णालयाशी जोडले, तेव्हाही असेच आक्षेप घेतले गेले असणार. केंद्रात येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी सर्पदंशाचे किती आणि सर्दी, खाज, रक्तदाब, साखर, गुडघेदुखी यांचे किती, हे आपण खिडकीमागून रोज पाहिले आहे. खाजेच्या मलमासाठी मजुरी बुडवून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचा विचार कोण करणार? डॉक्टर गगनबावड्याला जात नाहीत, हे सत्य तीस वर्षांत बदललेले नाही. जे येणारच नाहीत त्यांच्यासाठी खुर्च्या किती काळ पुसत बसायचे?

चंदगडी मास्तर

मी पोस्टकर्त्याच्या बाजूने लिहितो आहे, जरी ‘रडगाणे’ हा शब्द मला मुळीच आवडलेला नाही. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. आम्ही सवयीने बेळगाव गाठतो. वडिलांना अर्धांगाचा झटका आल्यानंतर मेंदूविकारतज्ज्ञांकडे दर दीड महिन्याला न्यावे लागे. गाडीभाडे, दोन दिवसांची रजा, वाटेत दोनदा गाडी थांबवून कपडे बदलणे, आणि शेवटी डॉक्टरांचे चार मिनिटांतले वाक्य, ‘त्याच गोळ्या चालू ठेवा.’ आता उपकेंद्रात रक्तदाब मोजून घेतो, वहीत लिहितो आणि बेळगावच्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवतो. ते कर्नाटकातले असले तरी नियमानुसार देशात कुठल्याही रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतात. वडिलांनी पहिल्यांदा पडद्यावर डॉक्टर पाहिले तेव्हा दारात काढून ठेवलेली टोपी मागवून घेतली आणि डोक्यावर घालून मगच ते बोलले. या माणसाला पुन्हा जीपमध्ये कोंबण्याचा सल्ला मला कोणी देऊ नये.

राजारामपुरीतला फॅमिली डॉक्टर

मास्तर, तुमचे उदाहरण योग्य आहे, पण ते जुन्या रुग्णाच्या फेरतपासणीचे आहे, आणि सगळा फरक तिथेच आहे. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी केंद्राने दूरस्थ सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पहिली भेट आणि फेरतपासणी त्यांत वेगवेगळी मानली आहे. काही औषधे पहिल्या भेटीत केवळ व्हिडिओवर पाहूनच देता येतात, काही फक्त जुन्या उपचाराला जोड म्हणून, आणि गुंगीची व शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधे दूरस्थ पद्धतीने देताच येत नाहीत. प्रत्यक्ष तपासायला हवे असे वाटल्यास तसे सांगण्याचा अधिकार डॉक्टरला आहे. हे कोणी वाचत नाही.

लोक काय करतात ते सांगतो. रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचा तिरका, निम्मा कापलेला फोटो येतो आणि खाली लिहिलेले असते, ‘डॉक्टर, फक्त एक नजर टाका.’ फी विचारली की माणूस तुटला. उत्तर दिले नाही तर माजलो, आणि दिले व काही चुकले तर कोर्ट. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला होता; रुग्णाला न तपासता फोनवरून दिलेल्या सूचना हाच त्यातला कळीचा मुद्दा होता. परवा एका गृहस्थांनी मला न्याहारीच्या ताटाचा फोटो पाठवून ‘चालेल का?’ असे विचारले. ताटात मिसळ होती.

औषधनिर्माते काकांना एकच सांगतो. मण्यारीच्या रुग्णाच्या पापण्या व्हिडिओवरही दिसू शकतात. ‘वर बघ’ असे त्या डॉक्टरांनी सांगितले नाही, हा दोष पडद्याच्या माथी मारू नये.

जुना औषधनिर्माता, राधानगरी

मान्य, अर्धे. घरात वीज नव्हती, एकाच्या हातात बॅटरी आणि दुसऱ्याच्या हातात फोन होता. अशा उजेडात मुलाचा चेहराच दिसला असेल की नाही, याची शंका आहे. पण समजा डॉक्टरांनी विचारले असते आणि पापण्या दिसल्या असत्या, तरी पुढे त्यांनी काय केले असते? ‘जवळच्या केंद्रात न्या’ असेच सांगितले असते ना? ते जवळचे केंद्र बंद करून टॅब घ्यायला निघालेल्यांशी माझे भांडण आहे, तुमच्याशी नाही.

आणि आपण कोल्हापूरकरांनी तरी हा युक्तिवाद करू नये. व्हिडिओवर सुनावण्या सुरू झाल्या म्हणून आपण कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी सोडली होती का? चाळीसेक वर्षांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा गावात साखर वाटली. तारखेसाठी न्यायाधीश समोर हवेत आणि तापासाठी डॉक्टर पडद्यावर चालतील, हा कुठला न्याय?

ताराबाई पार्कातला वकील

खंडपीठाचा दाखला चपखल आहे, याबद्दल दुमत नाही. फक्त एवढे नोंदवतो की मुदतवाढीच्या अर्जासाठी आम्ही आजही व्हिडिओच पसंत करतो.

कसबा बावड्यातली सूनबाई

इतके सगळे पुरुष मिळून एवढे लिहून गेले, पण फोन धरतो कोण, हे एकानेही लिहिले नाही. आमच्या घरी तो मी धरते. सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे. डॉक्टर पडद्यावर, मोठे दीर पुण्याहून त्याच कॉलवर, आणि मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने त्यांच्या सदऱ्याची बटणे काढते आहे, असा देखावा असतो. डॉक्टर विचारतात, ‘दम लागतो का?’ पुण्याहून उत्तर येते, ‘नाही, आता बरेच बरे आहेत.’ सासरे मान डोलावतात, कारण मुलगा बोलत असताना मध्ये बोलायची त्यांची रीत नाही. ते महिनाभर दोन उशा घेऊन झोपत आहेत आणि पहाटे तीनला उठून खिडकीशी बसतात, हे मला ठाऊक आहे, पण मला कोणी विचारत नाही. दवाखान्यात गेलो असतो तर डॉक्टरांनी त्यांना जिना चढून आलेले पाहिले असते.

पुण्यातला कोल्हापूरकर

ताई, चर्चा आरोग्यव्यवस्थेची आहे, कोणाच्या घरातल्या दिरांची नाही. आणि ‘पुण्याचा मुलगा’ हा जो हल्ली सर्वांना मिळालेला सोपा खलनायक आहे, त्याबद्दलही एकदा बोलू. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मला माझ्या शिक्षणाला साजेसे काम मिळाले असते, तर मी हिंजवडीच्या वाहतुकीत रोज दोन तास घालवले नसते. औषधांचे पैसे मी भरतो, तपासण्यांच्या वेळा मी घेतो, डॉक्टरांशी मी बोलतो. हे सगळे फोनवरूनच करता येते, म्हणून तर मला त्या फोनची किंमत कळते.

कसबा बावड्यातली सूनबाई

मी तुमच्याविषयी एक अक्षर लिहिले नव्हते. आपल्याला का लागले, ते आपण पाहावे. पैसे भरणाऱ्याची पावती निघते, रात्री उठणाऱ्याची निघत नाही.

वाकडला राहणारी लेक

या वादात मुलगे आणि सुनाच दिसतात, म्हणून लिहिते. माझी आई मंगळवार पेठेत एकटी राहते. मी नोकरी सोडून आले नाही, याबद्दल जे बोलायचे ते नातेवाइकांनी बोलून घेतले आहे. व्हिडिओमुळे निदान डॉक्टर काय म्हणाले ते मला माझ्या कानांनी ऐकू येते. पूर्वी आई सांगायची, ‘काही नाही, सगळे चांगले आहे म्हणाले,’ आणि चिठ्ठीवर तीन नव्या गोळ्या असायच्या. सूनबाईंचे दुःख खरे आहे, पण तो कॉल बंद केल्याने त्यांना कोणी विचारू लागेल, असे मला वाटत नाही.

राजारामपुरीतला फॅमिली डॉक्टर

ताई, मूळ मुद्दा बाजूला ठेवून सांगतो: दोन उशा लागणे आणि पहाटे दम लागून उठणे, हे हृदयरोगात महत्त्वाचे लक्षण आहे. घरातल्यांच्या परवानगीची वाट न पाहता ते त्यांच्या डॉक्टरांना उद्याच सांगा आणि सासऱ्यांना प्रत्यक्ष तपासून घ्या.

भुदरगडमधली सीएचओ

मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, म्हणजे ज्या टॅबवरून येथे रण माजले आहे, तो माझ्या टेबलावर असतो. काही गोष्टी दोन्ही पक्षांना रुचणार नाहीत.

ही सोय खरोखर उपयोगाची आहे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन कमी आले, त्वचेवरचा चट्टा कळेना, साखरेची गोळी वाढवायची की नाही हे ठरेना, तर मी रुग्णाला समोर बसवून वरच्या डॉक्टरांना विचारते. नाडी, रक्तदाब, वजन, साखर मी मोजून सांगते, म्हणून तो सल्ला सल्ला ठरतो. रुग्ण घरून एकटाच फोन लावतो तेव्हा या चारांपैकी काहीच नसते. पोस्टकर्त्यांनी टॅब मोजले, टॅबजवळ बसणारी माणसे मोजली नाहीत.

आता अडचण ऐका. आजीचे आभा कार्ड, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळखपत्र, काढायचे, तर ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक मुलाचा, मुलगा शिरोलीत पाळीवर, आणि त्याचा मोबाईल कंपनीच्या फाटकाबाहेरच्या पेटीत. आजी माझ्यासमोर बाकावर बसून विचारते, ‘आला का गं तो नंबर?’ दुपारी जेवणाच्या सुट्टीत आकडे येतात, तोवर त्यांची मुदत संपलेली असते. आणि बैठकीत आम्हाला कॉल किती झाले हे विचारतात, रुग्णाचे पुढे काय झाले हे सहसा कोणी विचारत नाही. मग महिनाअखेरीस साध्या खोकल्याचेही कॉल होतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आशाताईंनी संप केला, त्यात मानधनाबरोबर ऑनलाइन कामाचा बोजा हाही विषय होता. तेव्हा इथल्या बहुतेकांनी त्यांना आळशी ठरवले होते, हे मी विसरलेले नाही.

चंदगडी मास्तर

सीएचओ ताईंचे म्हणणे मला मान्य करावे लागते. आमच्या उपकेंद्रातली ताई बदलून गेली आणि दोन महिने जागा रिकामी होती, तेव्हा मी बाजारातून रक्तदाबाचे यंत्र आणले. त्याने वडिलांचा रक्तदाब एकदा १९०, आणि पाच मिनिटांनी १३० दाखवला. डॉक्टरांनी विचारले, ‘यातला कोणता धरू?’ त्या महिन्यात आम्ही जीपनेच गेलो. तरीही वर्षाकाठी आठ फेऱ्यांच्या जागी दोन झाल्या, ही गोष्ट आपण सर्वांनी धरून ठेवावी.

जुना औषधनिर्माता, राधानगरी

मास्तरांच्या सहा फेऱ्या वाचल्या त्याचा मला आनंदच आहे. दुःखी होण्याइतका मी कोता नाही. मी टॅबच्या विरोधात कधीच नव्हतो, हे वर जाऊन वाचावे. टॅबवरच्या चिठ्ठीत लिहिलेले औषध खिडकीत नसते, तेव्हा शिव्या खिडकीमागच्या माणसाला बसतात, एवढे जाता जाता नमूद करतो.

पुण्यातला कोल्हापूरकर

‘इमारतींऐवजी’ हा शब्द मी मागे घेतो आणि ‘इमारतींबरोबर’ असा करतो, म्हणजे काकांना शांत झोप लागेल. बाकी पोस्टवर मी ठाम आहे.

आज संध्याकाळी बाबांशी बोलताना, केवळ हा धागा डोक्यात घोळत होता म्हणून, उशांबद्दल विचारले. ते म्हणाले की, उशा नाहीत, दिवाळीपासून ते आरामखुर्चीतच झोपतात, कारण आडवे झाले की जीव घुसमटतो. गेल्या दोन्ही कॉलवर मीच ‘झोप चांगली आहे’ असे सांगितले होते. सूनबाईंनी यावर काही लिहू नये, ही विनंती.

कसबा बावड्यातली सूनबाई

लिहीत नाही. जवळ कोण आहे त्यांच्या?

पुण्यातला कोल्हापूरकर

बहीण इचलकरंजीत आहे. ती सकाळी पहिल्या एसटीने येते आहे, मी रात्रीच निघतो आहे.

राजारामपुरीतला फॅमिली डॉक्टर

बसल्या जागी दम लागू लागला किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. तसे नसेल तर सकाळी सर्व चिठ्ठ्या घेऊन या, आणि पायांना सूज आहे का हे बहिणीला अंगठ्याने दाबून पाहायला सांगा. फोटो पाठवू नका.