मदत हवी आहे: नाईट शिफ्ट लागली की सूर्यनमस्कार बंद पडतात
मंडळी, संक्रांतीपासून रोज 12 सूर्यनमस्कार घालायचं ठरवलंय. फर्स्ट शिफ्टला सव्वापाचला उठून होतात, सेकंडलाही रडतखडत होतात, पण नाईट लागली की सगळं बोंबलतं आणि मग पुढचे चार दिवसही तसेच जातात. चाकणला कामाला आहे, शिफ्ट दर आठवड्याला फिरते, बदलून मिळणार नाही, तेव्हा तो सल्ला नको.

करून पाहिलेलं: अलार्म (झोपेतच बंद करतो), कॅलेंडरवर फुल्या (कोरे चौकोन बघून अजूनच मूड जातो), चुकलं की बायकोला 10 रुपये दंड (तिची चैन, मला फरक शून्य). जिम नको, घरात जागा एका सतरंजीपुरती. वय 34, गुडघे-पाठ ठीक.

नाईटवरून साडेसातला येतो, चहा-पोहे खाऊन आडवा होतो तो थेट तीनला उठतो. तेव्हा पोट रिकामं असतं खरं, पण पोरगी शाळेतून आलेली असते, वाकलो की पाठीवर चढते.

ज्यांच्या शिफ्ट फिरतात त्यांनी सांगा, घड्याळ सोडून 'उठलो, दात घासले की लगेच' असं बांधून घेतलं तर टिकतं का, की नाईटच्या आठवड्यात 12 चे 3 करून नुसती सवय जिवंत ठेवू?