फोन बदलल्यापासून साड्यांचे रंग फोटोत खरे येत नाहीयेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहते, घरूनच खण आणि इरकल साड्या विकते. दुकान नाही, सगळा धंदा व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फोटोंवर चालतो. जुन्या फोनची बॅटरी फुगली म्हणून नवीन घ्यावा लागला, घेताना ५० मेगापिक्सेल, ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) सगळं बघूनच घेतला, आणि तेव्हापासून रंगांचा पार बट्ट्याबोळ झालाय.

वांगी रंग निळा येतो. जरासा नाही, चिंतामणी म्हणून सांगितलं तर कोणीही मान्य करेल इतका निळा. राणी कलर लालाकडे जातो आणि काळी चंद्रकळा राखाडी दिसते. जुना फोन १२ मेगापिक्सेलचाच होता, रात्री अगदीच सुमार फोटो यायचे, पण दिवसा खिडकीपाशी साडी धरली की रंग जसाच्या तसा.

आत्ता गौरींच्या ऑर्डरी चालू आहेत म्हणून जास्तच जीव टांगणीला लागलाय. ज्येष्ठा-कनिष्ठेसाठी लोक जोडी घेतात आणि त्यावर खणाचा ब्लाउजपीस जुळवून मागतात, म्हणजे रंग चुकला तर एक नाही, सगळा संचच परत येतो. कोथरूडच्या एका काकूंनी परवा फोन केला, "अगं, मी निळी मागवली होती, ही तर वांगी आलीये." त्यांचं काहीच चुकलेलं नाही, फोटोत निळीच होती.

आता काय काय करून बघितलं ते सांगते. एआय सीन, एचडीआर असं फोटोत स्वतःहून फेरफार करणारं सगळं बंद, फिल्टर नाही. स्क्रीन व्हिव्हिडवरून नॅचरलवर आणली, तेच फोटो नणंदेच्या फोनवरही बघितले, तिथेही निळेच, म्हणजे नुसत्या स्क्रीनचा दोष नाही. सगळं हाताने ठरवायच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ५२०० केल्विनला लॉक केला तर राणी कलर बराच सुधारला, पण वांगी काही हलत नाही, त्या रंगात लाल-निळं दोन्ही असतं आणि कॅमेरा नेमका लाल भाग खाऊन टाकतो. चंद्रकळेचं कारण मात्र सापडलं, फ्रेमभर काळं कापड असलं की फोन अंधार समजून उजेड वाढवतो, साडीवर बोट दाबून धरून फोकस लॉक करायचा आणि एक्सपोजर खाली ओढायचं, की काळं काळं येतं.

दुसरं दुखणं खणाचं. खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे कापड जरा हललं की छटा बदलते, आणि खणाची सगळी मजा त्यातच आहे. नवीन फोन ते सगळं सपाट करून टाकतो आणि बारीक बुट्ट्यांच्या कडांना पांढरट रेघ येते. चार-चार पिक्सेल एकत्र करून हा फोन साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, म्हणून मुद्दाम ५० चा मोड लावला, बुट्ट्या जरा सुटसुटीत आल्या, रंग तसाच. आणि जवळून काढायला गेलं की आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतो आणि काठ वाकडा येतो, त्यामुळे आता लांब उभं राहून २एक्स करते.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी भिंतीचा एक फोटो काढून "कॅमेरा ओके आहे मॅडम" म्हणून वाटेला लावलं. भिंत पांढरी होती हो, तिच्यात काय दिसणार!

तर विचारायचं हे की जांभळट रंगांसाठी कोणी जीकॅम (गूगलचं कॅमेरा ॲप) किंवा ओपन कॅमेरा हे ॲप वापरून फरक पडलेला बघितलाय का? रॉमध्ये (म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) काढून फोनवरच रंग दुरुस्त करणं रोजच्या रोज जमतं का, की एकेका साडीला अर्धा तास जातो? ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरतात ते राखाडी कार्ड) ठेवून काढणारं कोणी असेल तर ते साडीच्या शेजारी ठेवता की आधी वेगळा फोटो घेता तेही सांगा. संध्याकाळच्या फोटोंसाठी तपकीर गल्लीतून एलईडी ट्यूब आणायचा विचार आहे, सीआरआय (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरची घ्या असं एका फोटोग्राफर मैत्रिणीने सुचवलंय, पण दिवसाच्या उजेडातही वांगी निळंच येत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करायला हवा.

कृपया "डीएसएलआर घ्या" सांगू नका, गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर असतं तेव्हा लगेच फोटो पाठवावा लागतो. त्याच वांगी साडीचा जुन्या फोनमधला फोटो माझ्याकडे आहे, कोणाला बघायचा असेल तर नवीन फोटोसोबत इथेच प्रतिसादात टाकते.