मदत हवी आहे: घर आवडलंय पण समोरची बाजू बघवत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी. इंदिरानगरच्या बाजूला एक रीसेलचा बंगला बघितलाय, साधारण 2004 चं बांधकाम, तळमजला आणि वर एक मजला. आतून घर फार छान आहे. खोल्या मोठ्या, हवा खेळती, मागे रामफळाचं झाड, नळाचं पाणी आहे शिवाय बोअर, आणि सासूबाईंना खालीच बेडरूम मिळते त्यामुळे जिन्याचा प्रश्न मिटला. किंमत आमच्या आवाक्यात येतेय आणि मला दाट शंका आहे की ती येतेय ती फक्त बाहेरच्या अवतारामुळेच.

तर अवतार सांगते. खालच्या अर्ध्या भिंतीला मरून रंगाच्या चकचकीत टाइल्स, त्याही बाथरूमला लावतात तशा. वर पोपटी रंग आणि त्यावर जांभळे पट्टे. पोर्चला दोन जाडजूड गोल खांब, त्यांना वरखाली सिमेंटची फुलं. वरची बाल्कनी अर्धगोल, तिचा कठडा म्हणजे सिमेंटच्या ढबू बाटल्यांची रांग. खिडक्यांच्या छज्जांवर मंगलोरी कौलं चिकटवलीत, त्यातली निम्मी पडलीत. आणि सगळ्यात वर, गच्चीच्या पॅरापेटवर मधोमध, सिमेंटचा उगवता सूर्य. किरणांसकट. माझी मुलगी म्हणते आई हे मंगल कार्यालय आहे का.

नवरा म्हणतो एक रंग मारला की झालं, तू उगाच डोक्यात घेतेस. एजंट म्हणतो मॅडम समोरून एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पॅनेल) मारून टाका, सगळं झाकून जाईल. मला ते झाकणं वगैरे पटत नाही, मागे काय चाललंय ते मग कधी कळणारच नाही. मला खरं एवढंच समजून घ्यायचंय की यातलं नुसतं वरवरचं किती आणि आरसीसीमधलं किती, म्हणजे काय सहज निघेल, काय काढायला गेलं तर घरालाच धक्का लागेल, आणि हे सगळं विसार द्यायच्या आधी कसं ओळखायचं, कारण एकदा विसार पावती झाली की किंमत काही खाली येणार नाही. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. मालकांना दसऱ्याच्या आत व्यवहार करायचाय. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी सिव्हिलवाला आहे, बंगल्यांची दुरुस्तीची कामं करतो. खांब बाहेरून गोल दिसतात म्हणून आतूनही गोलच असतील असं नाही. पुष्कळदा आत साधा 9 इंची चौकोनी कॉलम असतो आणि बाहेरून विटा लावून प्लास्टर करून तो फुगवलेला असतो. तसं असेल तर वरचा फुगवटा काढता येतो. मालकांकडे आरसीसीची ड्रॉइंग मागा, नसतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा नेऊन दाखवा, त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

बाल्कनीच्या स्लॅबला मात्र हात लावू नका. गोल आहे म्हणून कडा कापून सरळ करू असं कोणी मिस्त्री म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. बाहेर लोंबणाऱ्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, ती कापली आणि उघडी पडली की पाणी लागून गंजते. सिमेंटच्या बाटल्या काढून साधं लोखंडी रेलिंग करा, उलट वजन कमी होईल. पण त्यांच्या जागी विटांची भिंत किंवा ती फॅशनमधली जाळी उभी करू नका, टोकावर वजन वाढतं. लहान मूल असेल तर रेलिंगच्या गजांमध्ये 4 इंचांपेक्षा जास्त फट नको.

आता टाइल्स. माझा पहिला प्रश्न असा की त्या तिथे का लावल्या? हौस म्हणून असतील तर ठीक, पण जोत्यापासून ओल चढते म्हणून झाकायला टाइल्स मारलेल्या मी भरपूर बघितल्यात. त्याच भिंतीची आतली बाजू बघा, सोफा कपाट सरकवायला सांगा, लाजू नका. रंगाचे पापुद्रे किंवा पांढरे क्षार दिसले तर समजा. टाइल्सवर नाण्याने वाजवत जा, पोकळ वाजली की सुटलेली आहे. काढताना मागचं प्लास्टर बरोबर येणारच, म्हणजे तेवढ्या पट्ट्याचं नवीन प्लास्टर, त्यावर निदान 7 दिवस पाणी, आणि रंग लगेच नाही, तीन-चार आठवडे भिंत वाळू द्या. घाई केली की रंग फुगतो आणि शिव्या रंगाऱ्याला बसतात.

प्रतिसाद:
सूर्य काढू नका हो, पत्ता सांगायला सोपं जातं, "सूर्याच्या बंगल्यापासून डावीकडे" :)

प्रतिसाद:
डिझाइनचं नंतर, आधी महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला बघा आणि प्रत्यक्ष घराशी ताडून घ्या. पोर्च किंवा बाल्कनी नकाशात नसेल, समासात (प्लॉटच्या कडेने मोकळ्या सोडायच्या जागेत) बांधलेली असेल, तर बँकेच्या व्हॅल्युएशनला अडकतं. प्लास्टर, रंग यांना परवानगी लागत नाही पण बांधकामात फेरफार करायचा तर लागते. अजून एक, समोरचा रस्ता विकास आराखड्यात किती रुंद दाखवलाय ते नगररचना विभागात विचारा. उद्या कंपाउंड मागे घ्यावं लागलं तर गेटवर केलेला खर्च गेला. आणि सिंहस्थ 2027 ला आहे, शहरात कामं निघालीत, चांगला मिस्त्री आणि फॅब्रिकेटर आत्ताच बोलून ठेवा.

प्रतिसाद:
आम्ही गंगापूर रोडला जुनं घर घेऊन असंच केलंय. माझा सल्ला, आधी काढायचं, नवीन काही चिकटवायचं नाही. फुलं, पट्टे, कौलं गेली की निम्मं घर सुधारतं. दगडाचा मोह झाला तर आपला नाशिकचा काळा पाषाण आहेच, काळाराम मंदिर त्याचंच आहे, पण तो जोत्याला आणि गेटच्या खांबांना शोभतो. वरच्या मजल्यावर नुसत्या सिमेंटने दगड चिकटवू नका, सुटला तर खाली कोण उभं असेल सांगता येत नाही, वर लावायचाच तर क्लॅम्पवर. छज्जे ठेवा, दिसायला कसेही असोत. पश्चिमेचं ऊन आणि पाऊस दोन्ही तिकडूनच येतं, एप्रिलमध्ये त्या खोलीत बसून बघा म्हणजे कळेल. फक्त छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच आहे का बघा, नसेल तर पाणी उलटं भिंतीकडे येतं.
आणि परांचीसकट लेखी एस्टिमेट घ्या, प्लास्टरचा रेट ब्रासवर (म्हणजे 100 स्क्वेअर फुटांवर) आहे की स्क्वेअर फुटावर ते विचारून, आणि तो कागद मालकांसमोर ठेवा. "घर कुरूप आहे" म्हणून कोणी पैसे कमी करत नाही, आकडा दाखवला की बोलणं सुरू होतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सिव्हिलवाले दादा. इंजिनिअरना घेऊन जाऊन आलो. खांब तुम्ही म्हणालात तसेच निघाले, आत चौकोनी. टाइल्स बऱ्याच पोकळ वाजतात पण ओल जोत्याची नाहीये, एका कोपऱ्यात वरच्या बाथरूमचा पाइप गळतोय तिथलीच आहे, तो दुरुस्त करून मगच प्लास्टर असं ते म्हणाले. पोर्च नकाशात आहे. बाल्कनीही आहे, गोलच! रस्त्याचं अजून विचारायचंय, उद्या नवरा जातोय.

एस्टिमेट मालकांना दाखवलं. काका जरा गप्प झाले, सूर्य त्यांच्या वडिलांनी उभं राहून करून घेतला होता म्हणे. त्यामुळे तो काढण्याबद्दल रजिस्ट्री होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही असं आमच्या घरात ठरलंय. पण पाइप आणि प्लास्टरचे पैसे कमी करायला तयार आहेत, कौलांचे नाही.

आता उरलेला प्रश्न: गोल बाल्कनीला गोल वाकवलेलं रेलिंग करावं की सरळ तुकडे जोडत न्यावं? फॅब्रिकेटर म्हणतो गोलाला खर्च जास्त. आणि पश्चिमेच्या भिंतीला कुठला रंग, नवऱ्याला गडद राखाडी हवाय, मला वाटतं तो तापेल. सातपूर-अंबडकडचा कोणी चांगला फॅब्रिकेटर माहीत असेल तर विपू (माझ्या विचारपुशीत निरोप) करा.