केनियात सिंह बघायला जायचंय: मारा, कंझर्वन्सी आणि छाव्यांना दूध पाजणं, सल्ला हवाय

उनाडपाऊस:

मंडळी, ऑगस्टात केनियाचा बेत शिजतोय. आम्ही दोघं, तेरा वर्षांचा लेक आणि सासरे. सासऱ्यांचं वय ६८, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत, पूर्ण शाकाहारी. गीरला त्यांना सिंह दिसला होता, पण करवंदीच्या जाळीत झोपलेला: अर्धी शेपटी आणि एक कान. आता त्यांना मोकळ्या माळावर, आयाळ फुललेला असा बघायचाय. लेकाला नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्ट हरणांच्या झुंडी हव्यात.

एजंटाने दोन कोटेशनं दिलीत. एकात मसाई मारा राखीव क्षेत्राच्या गेटाबाहेर हॉटेल, तीन रात्री, मग नैवाशा आणि अंबोसेली. दुसऱ्यात माराला लागून असलेल्या कुठल्याशा कंझर्वन्सीत तंबू. रात्री तेवढ्याच, पैसे जवळजवळ दुप्पट. फरक काय म्हणून विचारलं तर "मॅडम, ते जरा एक्सक्लुझिव्ह आहे" एवढंच उत्तर. शिवाय ऑप्शनल म्हणून दक्षिण आफ्रिकेचे काही दिवस जोडून देतायत. त्यात सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायचं, मांडीवर घेऊन फोटो काढायचे, आणि जरा मोठ्या झालेल्या सिंहांबरोबर फेरफटका. पत्रकात लिहिलंय की छावे अनाथ आहेत आणि हा पैसा संवर्धनाला जातो. लेक तेव्हापासून हवेत आहे. मला काहीतरी खटकतंय, पण त्याला पटेल असं सांगता येत नाहीये.

तर, दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ आहे का? छाव्यांचं काय करू? आणि एवढा खर्च करतोच आहोत तर त्यातला काही भाग खरोखर सिंहांच्या कामी येईल असं बघता येतं, की ती नुसती मनाची समजूत? पीतज्वराच्या लशीबद्दलही कोणी सांगा, सासऱ्यांच्या वयामुळे धाकधूक आहे.

भटकभवानी:

छाव्यांचा कार्यक्रम आधी कापा, बाकीचं निवांत ठरवा.

लेकाला एकच विचारा: बारा महिने, रोज, बरोब्बर मांडीत मावतील एवढ्याच वयाचे अनाथ छावे यांना मिळतात कुठून? ते अनाथ नसतात. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडलेले असतात, म्हणजे ती लवकर पुन्हा माजावर येते आणि पुढची वीण मिळते. काही महिने छावा फोटोसाठी चालतो, मग पर्यटकांबरोबर फिरवायला, आणि पुरता वाढला की त्याला पोसणं परवडत नाही. मग नराला कुंपणातच पैसेवाल्या शिकाऱ्यापुढे सोडतात. हाडं आशियात जातात. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने काही वर्षं सिंहांच्या सांगाड्यांच्या निर्यातीला रीतसर कोटा दिला होता, २०१९ मध्ये कोर्टाने तो बेकायदा ठरवला. तिथे पिंजऱ्यातले सिंह रानातल्यांच्या दुपटीहून जास्त आहेत. हा धंदा बंद करणार असं सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं खरं, पण तुमच्या एजंटाचं पत्रक बघता घोडं कुठे अडलंय ते दिसतंच आहे.

बाटलीवर वाढलेला, माणसाळलेला सिंह रानात सोडता येत नाही. मग संवर्धन नक्की कशाचं?

उनाडपाऊस:

विचारला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला "म्हणजे आपण आईचं दूध तोडून बाटलीचं पाजायला पैसे द्यायचे?" विषय संपला. दक्षिण आफ्रिका रद्द. आता मारा.

माळरान:

नैरोबीत राहतो. भारतातून पाहुणे आले की त्यांना माराला नेणं हे आता घरचंच काम झालंय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

नकाशा नीट बघा. मधलं राखीव क्षेत्र साधारण १,५०० चौरस किलोमीटर, ते नारोक काउंटीकडे. त्यातला मारा नदीच्या पश्चिमेचा भाग, मारा ट्रँगल, २००१ पासून एक ना-नफा संस्था चालवते. रस्ते आणि शिस्त दोन्ही तिथे उजवी. या सगळ्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई या तिथल्या पशुपालक लोकांच्या मालकीच्या जमिनी. शेकडो कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र करून पर्यटनासाठी भाड्याने दिले, त्या कंझर्वन्सी. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ, ओल किन्येई ही त्यातली नावं. जमीनमालकाला ठरलेलं भाडं मिळतं, त्याच्या जमिनीवर त्या महिन्यात पर्यटक फिरकला की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. बदल्यात त्याने तिथे घर बांधायचं नाही, कुंपण घालायचं नाही, आणि गुरं ठरल्या भागात ठरल्या वेळीच चारायची. तंबूंवर मर्यादा असते, ओलारे मोटोरोगीत तर एका तंबूमागे ७०० एकर. एका सिंहाभोवती मोजक्याच गाड्या थांबू देतात, बहुतेक ठिकाणी पाच. रात्रीची फेरी आणि पायी भटकंती तिथे चालते, राखीव क्षेत्रात नाही.

सिंहाच्या दृष्टीने कुंपणाची अट सगळ्यात महत्त्वाची. राखीव क्षेत्राची हद्द त्याला ठाऊक नसते, तो बाहेरच्या माळावर जातोच. तो माळ तारांनी बांधला गेला की विल्डबीस्ट अडतात, भक्ष्य आटतं, आणि उरतात ती गावातली गुरं. माराच्या भोवती अशा तारा गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढल्यात. त्यामुळे तुमचा पैसा सिंहाच्या कामी येतो का याचं उत्तर मी असं देईन: तुम्ही रात्री कुठे झोपता आणि त्या जमिनीचं भाडं कोणाला पोचतं, ते बघा. यात सगळं गोडगोड आहे असं नाही. ज्याच्या नावावर सातबारा (तिकडचा) नाही त्याला, म्हणजे बहुतेक बायकांना आणि तरुण पोरांना, भाड्यातलं थेट काही मिळत नाही. २०२० मध्ये पर्यटन ठप्प झालं तेव्हा भाड्याला कात्रीही लागली होती. तरी आजच्या घडीला यापेक्षा बरी व्यवस्था मला दिसलेली नाही.

आता पैशाचं. राखीव क्षेत्राची फी परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे (जानेवारी ते जून १००), मुलांना कमी. तुम्ही तिघं मोठे, तीन दिवस म्हटलं तर नुसत्या फीचेच १,८०० डॉलर झाले. गेटाबाहेरच्या हॉटेलाच्या कोटेशनात ती धरली आहे का, हे आधी विचारा. कंझर्वन्सीच्या दरात तिथली फी, जेवण आणि फेऱ्या बहुधा धरलेल्या असतात. बेरीज पुन्हा मांडलीत की दुप्पट वाटणारा फरक बराच आक्रसेल.

एक अडचण आहे. नदी ओलांडणं दिसतं ते राखीव क्षेत्रात आणि ट्रँगलमध्ये. म्हणून तिन्ही रात्री कंझर्वन्सीत काढा आणि एक अख्खा दिवस फी भरून आत जा. लेकाची नदी त्यात होऊन जाईल. ऑगस्टात नदीकाठी गर्दी मात्र दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या लक्ष्मी रोडसारखी असते, तेव्हा पहाटे निघा. कळप काठावर येऊन तासन् तास उभा राहतो. पुढचं जनावर उतारावर येतं, पाण्याला नाक लावतं, मागचे ढकलत असतात. तेवढ्यात कोणीतरी हावरट ड्रायव्हर चांगल्या फोटोसाठी गाडी अगदी कडेला घेतो, इंजिन गुरगुरतं, आणि सगळे धूळ उडवत माघारी. हे सारखं घडतं, आणि ड्रायव्हर असं करतो ते टिपच्या आशेने. त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाका की आम्हाला लांबून बघायला आवडतं, टिप त्यासाठीच देऊ. माराच्या चित्त्यांचा अभ्यास झालाय: पर्यटकांची जास्त वर्दळ असलेल्या भागात एका विणीमागे सरासरी ०.२ पिल्लं वाढून मोठी होतात, कमी वर्दळीच्या भागात २.३.

सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी: नैरोबी ते मारा रस्त्याने पाच-सहा तास, शेवटचा पट्टा हाडं खिळखिळी करणारा. विल्सन विमानतळावरून छोटं विमान जातं, पाऊण-एक तासात. सामान माणशी १५ किलो, तेही मऊ पिशवीत, चाकांची कडक बॅग घेत नाहीत. मारा ते अंबोसेली रस्त्याने जायच्या फंदात पडू नका, पूर्ण दिवस मोडतो.

आळेफाटा:

फार छान माहिती. आमच्या जुन्नर पट्ट्यात उसात बिबट्या असतो, त्यामुळे माझा प्रश्न पलीकडच्या बाजूचा. शेळी नेली की आमच्याकडे वनखातं पंचनामा करतं, मग भरपाईची वाट बघा. तिकडे मसाईची गाय सिंहाने मारली तर त्याने काय करायचं? भाडं मिळणारे वेगळे आणि गाय गमावणारे वेगळे असतील तर?

माळरान:

मुद्द्याचं विचारलंत. सिंहाचं मरण सहसा तिथेच ठरतं.

गुरं रात्री बोमात असतात, काटेरी फांद्यांचं गोल कुंपण. बऱ्याचदा सिंहाला आत शिरावंही लागत नाही. वाऱ्यावर त्याचा वास आला की गुरं बिथरतात, स्वतःच काटे तोडून बाहेर धावतात आणि अंधारात सापडतात. म्हणून आता जाळीचे पक्के बोमे बांधून देतात. रिचर्ड तुरेरे नावाच्या मसाई मुलाने नैरोबी नॅशनल पार्कच्या कडेला अकराव्या वर्षी वेगळी शक्कल काढली. सिंह स्थिर दिव्याला सरावतो, पण हलत्या उजेडाला बिचकतो, हे त्याने हेरलं. गाडीची जुनी बॅटरी, सौर पॅनल आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरची डबी जोडून त्याने गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावले. ते दिवे पुढे इतर गावांतही गेले.

अंबोसेलीच्या बाजूला २००३ पासून गुरांच्या नुकसानभरपाईचा निधी चालतो. तिथेच २००७ मध्ये लायन गार्डियन्स सुरू झालं. सिंह मारला की ज्यांचं नाव व्हायचं, त्या मोरानांनाच, म्हणजे तरुण मसाई योद्ध्यांनाच, पगारावर घेतलं. ते सिंहांचा माग काढतात, त्यांना नावं देतात, आज कळप कुठल्या बाजूला आहे ते गुराख्यांना कळवतात, हरवलेली गुरं शोधून देतात. उत्तर केनियातल्या सांबुरूत त्याच वर्षी शिवानी भल्ला यांनी एवासो लायन्स सुरू केलं, धर्तीही साधारण तीच. उनाडपाऊस, देणगी द्यायची तर अशा ठिकाणी द्या.

तरी घडायचं ते घडतं. मे २०२३ मध्ये अंबोसेलीजवळ लूनकिटो हा सुमारे १९ वर्षांचा म्हातारा नर गोठ्यात शिरला आणि भाल्याने मारला गेला. त्याच आठवड्यात आणखीही बरेच सिंह गेले. दुष्काळात रानातलं भक्ष्य मेलं होतं आणि माणसांकडे उरलेली थोडी गुरं जिवापाड जपलेली होती. आणि विष तर त्याहून वाईट. डिसेंबर २०१५ मध्ये मारातल्या मार्श प्राइड या नावाजलेल्या कळपातल्या काही सिंहांना मेलेल्या गुरावर कीटकनाशक टाकून मारलं. भाला एकाच सिंहाला लागतो, विषाने तरस आणि गिधाडंही जातात.

दीडशहाणा:

सगळं ठीक, पण विमानाने समुद्र ओलांडून जायचं आणि त्याला संवर्धन म्हणायचं? सासऱ्यांना परत गीरला न्या. स्वस्तात काम होईल, आणि तिथे सिंह वाढतायत.

भटकभवानी:

वाढतायत, मान्य. २०२० मध्ये ६७४ होते, २०२५ च्या मोजणीत ८९१. पण सगळे सौराष्ट्रातच, म्हणजे एक साथ आली की सगळेच धोक्यात. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाने साधारण एक तृतीयांश सिंह मेले होते, आणि २०१८ मध्ये तोच विषाणू गीरमध्येही सापडला. सगळ्या आफ्रिकेत मिळून रानातले सिंह वीस-पंचवीस हजारच असतील, केनियात अडीच हजारांच्या आसपास. केनियाने १९७७ पासून शिकार बंद केलीय, म्हणजे तिथे सिंहावर पैसा मिळवायचा सरळ मार्ग एकच, त्याला जिवंत दाखवणं. विमानाचा धूर खराच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पर्यटक बंद झाले तर त्या जमिनीवर गहू आणि तार येणार, सिंह नाही.

कडुलिंब:

लशीबद्दल लिहिते, मी डॉक्टर आहे. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराचं प्रमाणपत्र लागतंच. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं आणि जन्मभर चालतं. नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण, आणि ते खरंच करतात. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, तेव्हा जूनमध्येच उरकून टाका.

ही जिवंत लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता अगदी कमी असली तरी तरुणांपेक्षा जास्त. अंड्याची तीव्र अॅलर्जी, थायमसचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांपैकी काही असेल तर नकोच. सासऱ्यांची औषधांची यादी घेऊन आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा. त्यांनी लस न घेण्याचं पत्र दिलं तर परतताना ते चालेल का, हे विमानतळाच्या आरोग्य कार्यालयात विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. मारात मलेरिया आहे, त्याच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

उनाडपाऊस:

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांची सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. एजंटाला फी धरून दोन्ही बेरजा मागितल्या, तर दुप्पट वाटणारा फरक बराच खाली आला, आणि नैवाशा काढलं तर जमेल असं दिसतंय. आता त्याने नवीन कोटेशनात "मारा कंझर्वन्सी एरिया, लक्झरी टेंट" असं लिहिलंय. हे चालेल ना? आणि शाकाहारी जेवण?

माळरान:

नाही चालणार. कंझर्वन्सीचं आणि कॅम्पचं नाव लेखी घ्या, आणि तो कॅम्प त्या कंझर्वन्सीचा सदस्य आहे का तेही. तिथल्या जमिनीला खेटून उभे राहिलेले पण भाड्यात दमडी न घालणारे कॅम्पही आहेत, आणि "एरिया" हा शब्द त्यांच्याच कामाचा. जेवणाची काळजी नको. केनियात गुजराती मंडळी पिढ्यान् पिढ्या आहेत, आधी कळवलं तर डाळ-भात-चपाती नीट मिळते. सासऱ्यांचा तंबू जेवणघराजवळचा मागून घ्या. पहाटे चांगलं गारठतं, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच. प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र घरीच ठेवा, तिथे २०१७ पासून बंदी आहे.