एचेवेरिया : आडनाव की घर?

मुखपृष्ठ : एका स्पॅनिश कथेचा अनुवाद करताना 'एचेवेरिया' या आडनावापाशी अडले आहे. मूळ रूप बास्क (उत्तर स्पेनच्या सीमाभागातली भाषा) 'एचेबेर्रिया', म्हणजे 'एचे' घर, 'बेर्री' नवे आणि शेवटचा 'आ' निश्चिततादर्शक (इंग्रजी 'द'सारखा). कथेतला म्हातारा म्हणतो, 'नावात नवे घर आणि डोक्यावर गळके छप्पर.' तळटीप न देता हा विनोद मराठीत कसा आणावा? संपादक 'नवघरे' सुचवतात.

शुद्धमती : 'नवघरे' वाचताच म्हातारा विदर्भात जाऊन बसेल. शिवाय लेखन 'एचेबेरिया' असे हवे, कारण स्पॅनिश भाषक लिहितात 'व', पण उच्चारतात 'ब'च.

सवयीचा वाचक : मेक्सिकोचे अध्यक्ष लुईस एचेवेरिया (१९७० ते १९७६) आम्ही वर्तमानपत्रात 'व'नेच वाचले, रूढ झालेले कशाला उकरायचे? मला तर 'एचे'मध्ये आपला षष्ठीचा 'चे' दिसतो, घर कुणाचे तरी असतेच.

शुद्धमती : बास्क ही इंडो-युरोपीय भाषाच नव्हे, तिचे आज हयात असलेल्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. 'चे' कृपया मागे घ्यावा.

खाडीकाठ : हे नवे घर गोव्यात केव्हाच पोहोचले आहे. सेंट फ्रान्सिस १५०६ मध्ये उत्तर स्पेनच्या नवारातल्या ज्या वाड्यात जन्मले, त्याचे 'शावियेर' हे नावही याच 'एचे बेर्री'वरून आले. वडील हासो, आई आस्पिलिकुएता, आणि मुलगा ओळखला गेला तो वाड्याच्या नावाने. तेव्हाच्या स्पॅनिशमधला 'श' पोर्तुगीजांनी राखला, म्हणून माझी आजी 'शावियेर' म्हणे. स्पॅनिशमध्ये तो पुढे घशात उतरून 'हाविएर' झाला आणि मुंबईत शिकलेला माझा भाऊ इंग्रजीच्या वळणाने 'झेवियर' म्हणतो.

सवयीचा वाचक : मग मराठीत 'झेवियर'च ठेवावे. मुंबईच्या कॉलेजात कुणी 'शावियेर' म्हणून पाहावे.

खाडीकाठ : आणि जुन्या गोव्यात शवपेटीसमोर उभे राहून 'झेवियर' म्हणून पाहावे.

माजघर : मूळ प्रश्नाकडे येते. बास्क प्रदेशात माणूस घराच्या नावाने ओळखला जाई, आणि वारसदार मुलीशी लग्न करून आलेल्या जावयालाही त्या घराचे नाव चिकटे. 'गोइकोएचेआ' म्हणजे चक्क वरचे घर. आमच्या कोकणात एकाच आडनावाची पाच बिऱ्हाडे असली, की आपण 'वरच्या घरातले', 'नव्या घरातले' असेच सांगतो. आमचे 'नवे घर' पणजोबांनी बांधले आणि त्याचे वासे दोनदा बदलून झाले, तरी ते नवेच आहे. आडनाव तसेच ठेवून म्हाताऱ्याला गावकऱ्यांकडून 'नव्या घरातले आजोबा' म्हणवावे.

शुद्धमती : सूचना चांगली आहे, परंतु आडनावात 'ब' की 'व', ते आधी ठरू द्या.